पगार तुमचा, मग निर्णय कोणाचे? एका शिक्षिकेच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही राहिले असेल तर तुम्हाला लगेच सांगता येईल. तुम्ही 39 वर्षांच्या आहात, 2009 पासून जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहात आणि यजमानांचे तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र आहे. निवृत्तिवेतनाची कपात आणि व्यवसाय कर वजा जाता तुमच्या पगाराचे सुमारे 68 हजार रुपये उरतात. त्यातले 14 हजार शिक्षक सोसायटीच्या कर्जाला पगारातूनच कापले जातात, 22 हजार घराच्या हप्त्याला जातात आणि उरलेले 32 हजार यजमान त्यांच्या मोबाइलवरून लागतील तसे काढतात. सोसायटीचे कर्ज दुकानाच्या भांडवलासाठी घेतले होते. घराच्या कर्जावर तुमची सही आहे, पण घर नेमके कोणाच्या नावावर आहे हे तुम्हाला खात्रीने सांगता येत नाही. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी 15 हजार रुपये पाठवायचे होते, तेव्हा विषय काढायलाच तुम्हाला कितीतरी दिवस धीर झाला नाही. केंद्रप्रमुख पदाच्या परीक्षेचा अभ्यास करायचा आहे, पण संध्याकाळ कुठे जाते ते कळत नाही. यजमान वाईट नाहीत, असेही तुम्ही आवर्जून लिहिले आहे. आणि शेवटी विचारले आहे की स्वतःचे आयुष्य स्वतःच्या हातात घेण्यासाठी नोकरी सोडून मोकळे व्हावे, की वेगळे राहावे.

या दोन्हींपैकी कशाचाही निर्णय आज घेऊ नका. नोकरी सोडली तर आज तुमच्याकडे असलेले सर्वांत मोठे बळ जाईल, आणि कर्जे तशीच तुमच्या नावावर राहतील. वेगळे राहण्याचा निर्णय कधीकाळी घ्यावाच लागला, तरी तो आपल्या नावावर काय आहे आणि काय नाही हे माहीत असलेल्या स्त्रीने घ्यावा. आज तुम्हाला ते माहीत नाही.

कुटुंबांच्या आर्थिक नियोजनाचे काम मी बरीच वर्षे करते आहे, आणि तुमच्यासारखी घरे मला नेहमी भेटतात. एकाचा पगार दरमहा ठरल्या तारखेला येतो आणि दुसऱ्याचे उत्पन्न हंगामावर असते, तेव्हा घराचा सगळा भार हळूहळू पगारावर सरकतो. कृषी सेवा केंद्राचे गणित तुम्ही रोज पाहताच. जूनमध्ये बियाणे आणि खते उधारीवर जातात, सोयाबीन विकले गेले की दिवाळीच्या सुमारास वसुली सुरू होते, आणि पावसाने दगा दिला तर ती पुढच्या वर्षावर जाते. पुरवठादार कंपनी मात्र थांबत नाही. हे मधले खिंडार तुमचा पगार भरून काढतो. यात कोणाचा दुष्ट हेतू असावाच लागत नाही. गरज पडेल तसे पैसे काढले जातात आणि काही वर्षांनी ती रीत होऊन बसते. म्हणून तुमच्या घरी पैसा कमी पडतो किंवा माणूस वाईट आहे, असे मला वाटत नाही. जिथे निर्णय होतो तिथे तुम्ही नसता, आणि जिथे सही लागते तिथे मात्र तुम्ही असता, ही खरी अडचण आहे. आयुष्य हातात घ्यायचे म्हणजे तुमच्या बाबतीत या दोन जागा एक करायच्या.

पुढचे सगळे एका गोष्टीवर अवलंबून आहे, आणि ती गोष्ट म्हणजे भीती. विषय काढायला धीर झाला नाही, असे तुम्ही लिहिले. तो संकोच होता की धाक, हे फक्त तुम्हाला माहीत आहे. पैशांवरून मारहाण, धमक्या, पगार हिसकावून घेणे असे काही होत असेल, तर माझे पुढचे सल्ले बाजूला ठेवा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या 2005 च्या कायद्यात आर्थिक छळाचाही स्पष्ट समावेश आहे, 181 ही महिला मदतवाहिनी आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तुमच्या लिहिण्यावरून मला तसे दिसत नाही, म्हणून तो संकोचच होता असे धरून पुढे लिहिते.

सुरुवात भांडणाने किंवा घोषणेने करू नका, कागदांनी करा. आपल्याकडे बायका याच पायरीवरून थेट पुढे उडी मारतात आणि म्हणून मागे ढकलल्या जातात. "माझ्या पगारावर माझा हक्क आहे" हे वाक्य खरे आहे, पण त्याला "मग घर कसे चालते ते तुला माहीत आहे का?" असा प्रश्न आला की तुमच्याकडे उत्तर नसते. ते उत्तर आधी तयार करा.

पहिला कागद पगारपत्रकाचा. शालार्थ या शिक्षकांच्या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतून निघणारे तुमचे मागच्या वर्षभराचे पगारपत्रक मुख्याध्यापकांकडून किंवा कार्यालयातून घ्या आणि उजव्या बाजूची कपात ओळीने वाचा. माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकेला सोसायटीची कपात म्हणजे कर्जाचा हप्ता एवढेच माहीत होते. आम्ही आकडे वेगळे केले तेव्हा त्यात कर्जाचे मुद्दल, व्याज, भागभांडवलाची वर्गणी आणि सक्तीच्या ठेवीची रक्कम असे चार भाग निघाले. ठेव आणि भाग हे त्यांचे स्वतःचे पैसे होते, आणि ते आहेत हेच त्यांना ठाऊक नव्हते. तुम्हीही सोसायटीकडून कर्जखात्याचा उतारा मागा. तुम्ही सभासद आहात, तो मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. त्याच वेळी आपण कोणाला जामीन आहोत का, तेही विचारा. सहकारी शिक्षकांसाठी जामिनाच्या सह्या किती सहज होतात ते तुम्ही जाणता. पण 1872 च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि पगारातून कपात करून घेण्याची संमती तुम्ही कर्जाच्या कागदांवर आधीच दिलेली असते.

2005 च्या 1 नोव्हेंबरनंतर रुजू झालेल्या असल्याने तुम्हाला जुनी पेन्शन नाही, अंशदानाची योजना आहे. मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या 10 टक्के तुमचे आणि 14 टक्के शासनाचे असे पैसे तुमच्या प्राण क्रमांकाच्या, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या कायम क्रमांकाच्या, खात्यात जमा व्हायला हवेत. वार्षिक विवरण काढून दर महिन्याची दोन्ही अंशदाने आली आहेत का ते पाहा. तुमच्या म्हातारपणाचा हा एकच निश्चित आधार आज उभा आहे. लग्नाआधी नामनिर्देशन भरले असेल तर ते नव्याने भरावे लागते, तेही याच वेळी उरकून घ्या.

दुसरी गोष्ट वरवर किरकोळ दिसते, पण मी ती सर्वांत महत्त्वाची मानते. तुमच्या पगाराच्या खात्याला कोणाचा मोबाइल क्रमांक जोडलेला आहे? यजमान त्यांच्या फोनवरून पैसे काढतात, याचा अर्थ बहुधा त्यांचाच क्रमांक असणार. म्हणजे पगार जमा झाल्याचा संदेश, पैसे गेल्याचा संदेश आणि प्रत्येक व्यवहाराचा ओटीपी, सगळे त्यांच्याकडे जाते. खाते तुमचे असूनही तुम्हाला त्याची बातमी नसते. आधार आणि पॅन घेऊन शाखेत स्वतः जा, अर्ज भरा आणि तुमचा क्रमांक नोंदवा. यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही, परंतु आदल्या दिवशी घरी सांगून जा. लपवून केलेल्या योग्य गोष्टीचाही पुढे आरोप होतो.

तिसरा कागद म्हणजे तुमचा पतअहवाल. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांना वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा लागतो. तुमच्या पॅनवर किती कर्जे आहेत, कुठे सहकर्जदार म्हणून आणि कुठे जामीनदार म्हणून नाव आहे, हप्ते वेळेवर गेले का, हे त्यात दिसते. सोसायटीचे कर्ज त्यात कदाचित दिसणार नाही, म्हणून वरचा उतारा वेगळा घ्यायचा.

चौथा कागद घराचा. सहकर्जदार असणे आणि सहमालक असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सुशिक्षित घरांतही त्यांचा गोंधळ असतो. बँक तुमचा पगार पाहून तुम्हाला सहकर्जदार करते. मालकी मात्र नोंदणीकृत खरेदीखतावर ज्याचे नाव आहे त्याची असते. दुय्यम निबंधक कार्यालयाची सूची क्रमांक दोन, म्हणजे ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, त्याची प्रत काढा. त्यात लिहून घेणार या रकान्यात तुमचे नाव असेल तर चिंता नाही. नसेल, तर आज तुम्ही दरमहा 22 हजार रुपये दुसऱ्याच्या नावावरच्या घरासाठी भरता आहात. आपण हप्ते भरले हे न्यायालयात सिद्ध करून काही मागता येते, पण तो रस्ता लांबचा आणि खर्चाचा आहे. घरातल्या घरात दुरुस्ती करण्याचा मार्ग सोपा आहे. महाराष्ट्रात निवासी घर किंवा त्यातला हिस्सा पतीने पत्नीला बक्षीसपत्राने दिला तर मुद्रांक शुल्क नाममात्र 200 रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा धरावा, आणि घर तारण असल्याने बँकेची लेखी संमती आधी घ्यावी.

हे सगळे कागद गोळा झाले की मगच यजमानांशी बोला. वेळ जूनची नको, कारण खरिपाच्या गर्दीत त्यांचे लक्ष लागणार नाही आणि तुम्हाला तुटक उत्तर मिळेल. दिवाळीनंतर वसुली थोडी मोकळी झाली की, किंवा एप्रिलमध्ये मागच्या वर्षाचा हिशेब चाललेला असताना बसा. बोलण्याची सुरुवात तक्रारीने न करता आकड्यांनी करा. "माझ्या नावावर एवढे कर्ज आहे, त्यातले एवढे दुकानासाठी आहे, आणि उद्या मला काही झाले तर ते कसे फिटणार हे आपण दोघांनी ठरवायला हवे" असे म्हटले, की समोरच्याला बचाव करावा लागत नाही. व्यापार करणाऱ्या माणसाला हिशेबाची भाषा समजते. माझ्या अनुभवात बहुतेक यजमान इथे चिडत नाहीत. ते थोडे ओशाळतात, आणि मग वही काढतात.

त्या बैठकीतून घर आणि दुकान यांचे पैसे वेगळे करण्याचा निर्णय व्हायला हवा. दुकानातून यजमानांनी दरमहा घरासाठी एक ठरावीक रक्कम काढावी, मंदीत ती कमी असली तरी चालेल. तुमच्या पगारातून दुकानाला पैसे द्यावे लागलेच, तर ती उसनवारी म्हणून तारखेसह लिहून ठेवावी आणि वसुली झाली की परत यावी. सोसायटीचे 14 हजार दुकानाच्या भांडवलासाठी जात असतील तर तो हप्ता खरे तर दुकानाचा खर्च आहे. तो आज लगेच दुकानाने भरावा असा हट्ट धरू नका, पण कागदावर तो दुकानाच्या बाजूला लिहिला जाऊ द्या. एवढ्यानेही घरातल्या गप्पांचा सूर बदलतो, कारण "तुझा पगार पुरत नाही" हे वाक्य मग कोणाला म्हणता येत नाही. दुकानावर देणी आहेत म्हणून आणखी एक सुचवते. यजमानांनी स्वतःच्या आयुष्यावर मुदत विमा घ्यावा आणि तो 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली, तुमच्या आणि मुलांच्या लाभासाठी घ्यावा. अशा पॉलिसीच्या रकमेवर त्यांच्या सावकारांना हक्क सांगता येत नाही. अर्ज भरतानाच हे नमूद करावे लागते, नंतर करता येत नाही.

आता उरलेल्या 32 हजारांविषयी. यांतले किती घराला, किती मुलांच्या शिक्षणाला, किती बचतीला हे तुमच्या घरच्या गरजांवर ठरेल, आणि ते इथून ठरवण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. एक आग्रह मात्र धरते. तुमच्या एकटीच्या नावाने दुसऱ्या बँकेत एक खाते उघडा आणि पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी एक निश्चित रक्कम तिकडे आपोआप वळेल अशी स्थायी सूचना द्या. सुरुवातीला 5 हजार असली तरी पुरे. ती रक्कम कशासाठी आहे हे यजमानांना माहीत असावे. ती कशी खर्च झाली याचा हिशेब मात्र द्यावा लागू नये. आईचे औषधपाणी, परीक्षेची पुस्तके, एखादा प्रवास यातून होईल. मागून मिळणारे पैसे आणि ठरवून बाजूला ठेवलेले पैसे यांत रक्कम सारखी असली तरी माणसाच्या मनावर होणारा परिणाम फार वेगळा असतो.

आईला पैसे पाठवताना तुम्हाला अपराधी वाटते, ते तुमच्या लिहिण्यात जागोजागी दिसले, म्हणून यावर थोडे थांबते. लग्न झालेल्या मुलीने माहेरी पैसे देणे म्हणजे सासरचे काढून देणे, ही समजूत आपल्याकडे खोल आहे, पण कायदा तसे मानत नाही. कल्याणला वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या विजया अरबट यांच्याविरुद्ध त्यांच्या वडिलांनी पोटगी मागितली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1987 मध्ये न्यायालयाने सांगितले की स्वतःचे पुरेसे उत्पन्न असलेली विवाहित मुलगीही निराधार आईवडिलांच्या पोषणाला जबाबदार आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातही मुलगा आणि मुलगी दोघांवर ही जबाबदारी आहे. जे तुमचे कर्तव्य आहे त्यासाठी परवानगी मागायची नसते, घरी फक्त कल्पना द्यायची असते.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट फार थोड्या स्त्रियांना माहीत असते. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 लागू असलेल्या स्त्रीने मृत्युपत्र केले नसेल, तर तिची मालमत्ता आधी मुले आणि पती यांच्याकडे जाते. ते नसतील तर पतीच्या वारसांकडे, आणि त्यानंतर तिच्या स्वतःच्या आईवडिलांकडे. नारायणीदेवी नावाच्या एका विधवेला लग्नानंतर काही महिन्यांतच सासरहून बाहेर काढले होते, माहेरच्यांनी तिला शिकवले, तिने नोकरी करून पैसे साठवले. पण मृत्युपत्र नव्हते म्हणून 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कमाई तिच्या पतीच्या वारसांना दिली. तुम्हाला मुले आहेत, त्यामुळे तुमचे प्रकरण तिथवर जाणार नाही. परंतु आईसाठी काही राहावे असे वाटत असेल तर नुसते नामनिर्देशन पुरेसे नाही, कारण नामनिर्देशित व्यक्ती सामान्यतः वारसांच्या वतीने पैसे स्वीकारणारी असते. दोन साक्षीदारांच्या सह्यांचे साधे मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे; मी मात्र नोंदणी करायलाच सांगते.

परीक्षेच्या अभ्यासाचा प्रश्न तुम्ही वेळेचा म्हणून मांडला आहे, पण मला तो बराचसा याच पैशांचा दिसतो. संध्याकाळी सहा ते दहा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधे यात जातात, असे तुम्ही लिहिले. पोळ्या करायला बाई ठेवली तर दोन-अडीच हजारांत तुमचा रोजचा तास सुटतो. हा खर्च चैनीचा वाटत असेल, तर केंद्रप्रमुख झाल्यावर वाढणारे वेतन आणि पुढची नोकरीची वर्षे यांच्याशेजारी तो मांडून पाहा. सासूबाईंची औषधे आणि मुलाचे गणित यजमानांकडे द्या. ते दुकान बंद करून आठला घरी येतात, असे तुम्हीच लिहिले आहे. त्यांनी केलेले काम तुमच्यासारखे होणार नाही, तरी ते परत आपल्याकडे ओढून घेऊ नका. शाळेबाहेरच्या कामांत मतदार यादीची आणि सर्वेक्षणाची कामे टाळता येणार नाहीत, पण प्रत्येक समितीत हौसेने जाणे एक वर्ष थांबवता येईल.

यजमानांनी बैठकीला नकारच दिला तर काय, हे शेवटी सांगते. एकदा बोलून, मग थोड्या दिवसांनी पुन्हा बोलून पाहा; घरातल्या ज्या वडीलधाऱ्या माणसाचे ते ऐकतात त्याला बसवा, पण त्याला आधी कागद दाखवा. तरीही उपयोग झाला नाही, तर पगाराचे खाते बदलण्याचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकारी कार्यालयाला द्या. तो सर्वस्वी तुमचा अधिकार आहे. मात्र रागाच्या भरात घराचा हप्ता थांबवू नका. तो चुकला तर तुमचा पतअहवाल बिघडेल आणि उद्या तुमच्या नावाने घर किंवा मुलांचे शिक्षणकर्ज घेताना तोच आडवा येईल. नव्या खात्यातून 22 हजार रुपये हप्त्याच्या तारखेआधी जुन्या खात्यात पोचतील अशी सूचना बँकेला द्या, आणि बाकीचे पैसे कुठे जायचे ते आपल्या सहीने ठरवा.